बाबांचा खांदा आणि रोजचे पाच ग्रॅम

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ग्रंथपालाची नोकरी, डाव्या गुडघ्याची जुनी तक्रार आणि घाम येईपर्यंत कधीही न धावल्याचा निष्कलंक इतिहास एवढ्या भांडवलावर मी नाहूर स्टेशनजवळच्या एका जिममध्ये गेले आणि तिथल्या प्रशिक्षकाला विचारलं, "तीस किलो एका खांद्यावर घेऊन नाचायचं आहे. किती दिवस लागतील?"

प्रशिक्षकाचं नाव सम्यक. वय सव्वीस, दंड माझ्या मांडीएवढे, आवाज मात्र शाळेच्या प्रार्थनेतल्यासारखा मऊ. त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं नाही, हा त्याचा सुसंस्कृतपणा.

"कुठे नाचायचंय मॅडम? लग्न आहे घरात?"

"पालखी आहे."

"मग सोपं आहे," तो म्हणाला. तेव्हा आपल्याला काहीच कळलं नव्हतं, हे त्याने पुढे दोन महिन्यांनी मान्य केलं.

आमच्या गावची, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या निवळखोलची, ग्रामदेवतेची पालखी शिमग्याला निघते. ती नुसती निघत नाही, नाचते. सोळा खांदेकरी, चौघांची एक पाळी, आणि प्रत्येक खांदा एकेका घराचा ठरलेला. तिसऱ्या पाळीतला मागचा डावा खांदा आमचा. बाबांनी, म्हणजे दत्ताराम पाष्टे यांनी, तो एकेचाळीस वर्षं सांभाळला. गिरणी चालू होती तेव्हा, बंद पडली तेव्हा, आणि नंतर भांडुपला वॉचमन होते तेव्हाही. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असल्यामुळे त्यांना गावाला जाता आलं नाही. दीड वर्षापूर्वी ते गेले. त्यांना खांदा द्यायला चौघे पुरुष पुढे झाले. मी मागून एक पिशवी घेऊन चालले. पिशवीत काय होतं ते आठवत नाही.

मला भाऊ नाही. गेल्या शिमग्याला वर्ष पाळायचं होतं म्हणून विषय निघाला नाही. यंदा दिवाळी झाल्यावर निवळखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेची सभा भरली आणि विषय निघाला. मंडळाचं कार्यालय म्हणजे अध्यक्ष गुणाजीकाकांच्या इमारतीतली तळमजल्याची खोली. तिथे पाण्याचा पंपही असतो, त्यामुळे सभेतले सगळे महत्त्वाचे ठराव आम्ही पंप बंद होण्याची वाट पाहून मांडतो.

"मयत दत्तारामचा खांदा त्याचा चुलतपुतण्या चंद्रप्रकाशकडे द्यावा," गुणाजीकाका म्हणाले. चंद्रप्रकाश बोरिवलीला राहतो. बाबांच्या आजारपणात तो एकदा आला होता आणि टीव्हीवर सामना बघून गेला होता.

मी उभी राहिले. "काका, कलम अकरा."

ग्रंथपालाशी कधी नियमांवरून भांडू नये. मंडळाची घटना छापली गेली १९६८ साली, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती संपूर्ण वाचलेली पहिली व्यक्ती मी. कलम अकरा म्हणतं, 'मयत खांदेकऱ्याचा खांदा त्याच्या वारसाकडे जाईल.' वारसाकडे. पुढे काही नाही.

गुणाजीकाकांनी चष्मा लावून ते कलम तीनदा वाचलं. तिसऱ्या वाचनात त्यात एखादा मुलगा सापडेल अशी त्यांना आशा असावी.

"छापताना ऱ्हायला असेल," ते म्हणाले. "आणि हे बघ बाय, कलम बारा. 'खांदेकरी सुदृढ असावा. शंका असल्यास डॉक्टरी दाखला व प्रात्यक्षिक घ्यावे.' आमाला शंका हाय."

सभेतले सगळे पुरुष एकदम शंकित झाले. मला राग आला. राग आला की मी ओरडत नाही, मुद्देसूद होते. हा जास्त घातक प्रकार आहे.

"मग दाखला सगळ्यांनी आणायचा," मी म्हणाले. "सोळाही जणांनी. नियम सगळ्यांना."

त्याच क्षणी समोसे आले, म्हणून कुणी विरोध केला नाही. चिटणीस नितेशने ते वाक्य इतिवृत्तात लिहिलं. नितेश सभेत बोललेलं सगळंच लिहितो. मागच्या एका इतिवृत्तात 'चहा गार आहे' असा ठराव सर्वानुमते संमत झालेला आहे.

तर अशा रीतीने मी जिममध्ये पोचले.

पहिला महिना वर्णन करण्यासारखा नाही. सम्यकने मला नुसता मोकळा दांडा उचलायला दिला आणि मी तोही दोनदा पाडला. शेजारी एक आजोबा माझ्या दुप्पट वजन उचलून वर माझ्याकडे बघून हसायचे. दुसऱ्या महिन्यात मी अठरा किलोपर्यंत पोचले आणि तिथे अडकले. अठराचे एकोणीस होईनात.

"क्रिएटिन घ्या," सम्यक एक दिवस म्हणाला.

"म्हणजे स्टेरॉइड?"

"अहो नाही हो मॅडम!" त्याच्या मऊ आवाजाला पहिल्यांदा धार आली. दिवसातून दहा वेळा हा प्रश्न ऐकणाऱ्या माणसाची धार. "मटणात असतं, माशात असतं, आपलं शरीर पण बनवतं. एकदम जोर लावायला स्नायूंना जी पहिली ताकद लागते ना, तिचा साठा थोडा वाढतो. म्हणजे जिथे आठ वेळा उचलता तिथे नऊ वेळा उचलाल. तो नववा महत्त्वाचा. नुसतं खाऊन घरी बसलात तर काहीच होणार नाही."

"किती?"

"रोज पाच ग्रॅम. एक छोटा चमचा. पाणी व्यवस्थित प्यायचं. किडनीचा काही प्रॉब्लेम नाही ना?"

"मला नाही," मी म्हणाले. उत्तर खरं होतं. प्रश्न मला विचारला होता, घराला नव्हता.

आपण वाचल्याशिवाय तोंडात काही घालत नाही, म्हणून मी एकोणीस शोधनिबंध वाचले. धावपटू, कुस्तीगीर, रग्बी खेळणारे, वजन उचलणारे अशा सगळ्यांना ही पावडर देऊन कुणाकुणाचे स्नायू किती वाढले याचे तक्ते होते. निष्कर्ष एकंदरीत सम्यकसारखाच होता: ताकद थोडी वाढते, व्यायाम केला तर. पालखीचा उल्लेख मात्र एकातही नव्हता. संशोधनात ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

पावडर पांढरी, बेचव, आणि पाण्यात कितीही ढवळली तरी तळाशी वाळूसारखी बसणारी. त्रास तिचा नव्हता, पाण्याचा होता. आमच्या घरात दोन वर्षं पाणी मापाने प्यायलं जात होतं. बाबांना दिवसाला एक लिटर, त्यातच चहा आणि औषधं. आई अजूनही ग्लास अर्धाच भरते. अशा घरात मी रोज तीन लिटर पाणी पिऊ लागले, आणि तेही चोरून, ओट्याकडे तोंड करून. लोक घरच्यांपासून दारू लपवतात. मी पाणी लपवत होते.

दोन आठवड्यांत माझं वजन पावणेदोन किलोंनी वाढलं.

"पाणी आहे, स्नायूतलं," सम्यक म्हणाला. "घाबरायचं नाही."

"सुटलीस गं," शेजारची माधुरी म्हणाली. माधुरी माझ्याच वयाची. आमच्या मजल्यावर कुरिअर कुणाकडे आलं, त्यात काय होतं आणि ते परत का गेलं, हे तिला विचारावं. पावडरीचा डबा तिला पहिल्याच दिवशी दिसला होता. "माझ्या नणंदेच्या जाऊबाईंच्या ट्रेनरने असलंच काहीतरी दिलं होतं. मिशा आल्या."

"कुणाला?"

"ते विचारायचं राहिलं."

पण एकोणीस झाले. मग बावीस. आता खरी अडचण अशी की पालखी एकाच खांद्यावर असते आणि ती हलते. सम्यक म्हणाला, घरीच सराव करा, हलणारं वजन घ्या. मी कपडे वाळत घालायचा बांबू काढला, त्याच्या दोन टोकांना पाण्याने भरलेले दहा-दहा लिटरचे कॅन बांधले, तो डाव्या खांद्यावर घेतला आणि सकाळी साडेसहाला जिना चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर माधुरी दूध घ्यायला बाहेर आली.

"अगं बाई! सुगंधा! पाणी येणार नाही का आज?"

वजन घेतलेलं असताना बोलायचं नाही, श्वास सुटतो, ही सम्यकची सक्त ताकीद होती. मी फक्त मान हलवली. माझ्या मते ती 'तसं काही नाही' अशी हलली.

पंधरा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: 'दोन दिवस पाणी बंद. पक्की खबर. सुगंधा पाष्टे स्वतः खालून भरून नेत आहेत.' त्याखाली कुणीतरी, 'त्यांची महापालिकेत ओळख आहे.' माझी महापालिकेत ओळख असती तर बाबांचा मृत्यूचा दाखला मिळायला सात हेलपाटे पडले नसते. पण ते जाऊ दे. बेचाळीस घरांनी पिंप, बादल्या, टब, कुकर आणि एका घराने तर मुलाचा फुगवायचा स्विमिंग पूल भरून ठेवला. आठ वाजता टाकी कोरडी. कोरडा पंप चालून साडेआठला जळाला. पंप दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले आणि दोन दिवस खरंच पाणी आलं नाही. त्यामुळे माझ्यावर कुणी रागावलंच नाही. उलट सोसायटीचे चेअरमन लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्याचं काही कळलं तर आधी मला सांगा."

जानेवारीच्या शेवटी दाखल्यासाठी मी मुलुंडला डॉ. तेजल यांच्याकडे गेले. बाबांना पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांकडे पाठवणाऱ्या त्याच. त्यांनी रक्त, लघवी, हृदयाचा आलेख असं सगळं लिहून दिलं. "काही औषधं चालू आहेत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. पावडर हे औषध नव्हे, असा मी मनाशी निवाडा केला. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्यासमोर, बाबा बसायचे त्याच खुर्चीत बसून, 'मी स्नायू कमावते आहे' असं म्हणायची मला लाज वाटली.

रिपोर्ट फोनवर आला तेव्हा आई शेजारी बसून पावटे सोलत होती. क्रिएटिनिन: १.४२. शेजारी वर जाणारा एक छोटा बाण. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण बाबांच्या किडनीच्या प्रत्येक रिपोर्टवरचा तो एक शब्द ती दुरून ओळखते, आपलं आडनाव ओळखावं तसा.

ती पावटे तसेच ठेवून उठली आणि आत गेली. त्या संध्याकाळी ताटात बटाट्याची भाजी आली. बटाटा बारीक चिरून, दोनदा उकडून, दोन्ही वेळा पाणी फेकून दिलेला. मीठ नाही. डाळ नाही. टोमॅटो नाही.

"आई, हे काय आहे?"

"खा."

"अगं पण..."

"खा म्हनते ना."

मी खाल्लं. दोन वर्षं बाबांनी हे खाल्लं होतं आणि एकदाही तक्रार केली नव्हती, हे त्यांचं खरं शौर्य मला त्या दिवशी कळलं. मंडळाने याचा एक ठराव करायला हरकत नव्हती.

सकाळपर्यंत इमारतीला कळलं. कसं, ते माधुरीला विचारावं. कुळथाचं पाणी, गोखरूचा काढा, जवाचं पाणी, मक्याच्या कणसाच्या केसांचा चहा आणि ट्रॉम्बेच्या एका बाईंनी उतरवलेलं लिंबू, असे पाच उपाय अकराच्या आत दारात हजर झाले. पहिल्या मजल्यावरच्या रेवतीवहिनी माझा हात हातात घेऊन बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुझी ती लाल काठाची साडी छानच आहे गं." माणसं इतकी घाईत असतात.

डॉक्टरांकडे आई बरोबर आली. डॉ. तेजल यांनी रिपोर्ट पाहिला, मला पाहिलं, माझ्या दंडाकडे पाहिलं.

"खरं सांग सुगंधा. जिमला जातेस?"

"...हो."

"पावडर? प्रोटीन? क्रिएटिन?"

"पाच ग्रॅम," मी म्हणाले. चोरी कबूल करताना निदान आकडा अचूक असावा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ग्रंथपाल ना तू? अगं, क्रिएटिन शरीरात वापरलं गेलं की त्याचं क्रिएटिनिनच होतं. तू डबाभर खातेस, म्हणून रक्तात जास्त दिसतं. वर आदल्या दिवशी वजनंही उचलली असशील. किडनी बिचारी ठीक असू शकते. पण तू सांगितलं नाहीस तर मला कसं कळणार? तुझ्या घरात जे झालंय ते बघता मला हे नुसतं सोडून देऊन चालणार नाही. पावडर बंद. तीन आठवड्यांनी परत रक्त. आणि आत्ता एक वेगळी तपासणी करू, तिला पावडरीने फरक पडत नाही."

वेगळी तपासणी चांगली आली. तीन आठवड्यांनी १.४२ चे ०.८८ झाले. परत येताना रिक्षात आईने माझा दंड चाचपून पाहिला, बाजारात दुधी बघतात तसा.

"घट झालाय," ती म्हणाली, आणि रात्रीच्या आमटीत मीठ पडलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण इतिवृत्तात ते वाक्य होतं: दाखला सोळाही जणांनी. आणि मंडळाची माणसं देवाला एक वेळ फसवतील, इतिवृत्ताला नाही.

पंधरा खांदेकऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रक्त तपासलं. हाहाकार झाला. कुणाची साखर, कुणाचं कोलेस्टेरॉल, कुणाचं ब्लडप्रेशर. आणि माझ्या रिपोर्टची कथा तोपर्यंत सगळीकडे पोचलेली असल्यामुळे सगळ्यांना एकच सबब सापडली. "साखर? ती पावडरीने वाढते. सुगंधाची पण वाढलेली." जन्मात जिमचं तोंड न पाहिलेली, पोट टेबलाला टेकवून बसणारी माणसं घरी बायकोला सांगू लागली की मी सध्या पावडर घेतो आहे. सम्यककडे दोघे जण रिकामा डबा मागायला आले. नुसता शोकेसमध्ये ठेवायला.

चंद्रप्रकाश दाखला आणायला जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही.

आणि मग एका दुपारी गुणाजीकाका आमच्या घरी आले. बरोबर कागद होता. मंडळाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, टाइप केलेला.

'मी, खाली सही करणारी, लिहून देते की श्री. गुणाजी पाष्टे हे गेले तीन महिने सदर पावडर माझ्याकडून नियमित नेत होते व घेत होते.'

"काका, तुम्ही कधी नेलीत?"

"नाय नेली." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "माझा तो आकडा दोन पॉइंट एक आलाय. डॉक्टरीण म्हनाली, पावडर घेत असाल तर बंद करा, नसाल तर उद्या परत या. मी म्हनलो घेतो. ती म्हनाली, लिहून आना. सही कर, बाय. चाळीस वर्सं मी पुढचा उजवा हाय. शिमगा दोन हप्त्यांवर. पालखीला मी नाय म्हंजे लोक काय म्हनतील?"

"पण..."

"सही कर. तिसऱ्या पाळीचा मागचा डावा तुझा. कलम अकरा मंजूर, बारा मंजूर. प्रात्यक्षिक पन नको. नितेशला आताच फोन करतो."

मी पेन घेतलं. टोपण काढलं. मी तीन सेकंद विचार केला, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले अडीच सेकंद मी होच म्हणत होते. तीन महिने मी ज्यासाठी अठरा किलोपाशी रडत होते ते समोर जावक क्रमांकासकट ठेवलेलं होतं. शिवाय खोटं होतं ते त्यांचं, सही फक्त माझी.

मग मी पेनाला टोपण लावलं. अठ्ठावीस किलोपर्यंत पोचलेल्या माझ्या हाताला त्या टोपणाला अनपेक्षित जोर लावावा लागला.

"नाही काका. डॉक्टरांना खरं सांगा."

गुणाजीकाकांचा चेहरा लाल झाला. "मग खांदा इसर."

"बरं," मी म्हणाले.

आई चहा घेऊन बाहेर आली होती. तिने कप टेबलावर ठेवला आणि कागदाकडे बघितलंही नाही. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

"भावोजी, मोजे काढा."

"काय?"

"मोजे काढा म्हनते."

वहिनीने तोंडावर सांगितल्यावर अध्यक्षांचंही काही चालत नाही. त्यांनी मोजे काढले. आई खाली बसली, घोट्याच्या वर अंगठा दाबला, मनात पाच मोजले आणि अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. मळलेल्या पिठात बोट रुतवावं तसा.

"ह्यांचं पन असंच व्हतं," आई म्हणाली. "मी म्हनायचे चप्पल घट हाय. ते म्हनायचे मोजे घट हायत. सहा म्हयने आमी नुसती चपला नि मोजे बदलत ऱ्हायलो." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "उद्या सकाळी सातला उपाशीपोटी खाली उभे ऱ्हावा. सुगंधा येईल न्यायला. आता च्या प्या. अर्धाच हाय."

काका चहा पिऊन निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी सातला ते खाली उभे होते. पायात मोजे नव्हते. तो कागद मात्र घडी करून खिशात होता. वेळ पडली तर असावा म्हणून.

वेळ पडली नाही. डॉ. तेजल यांनी सगळं नीट तपासलं. ब्लडप्रेशर कित्येक वर्षं चढलेलं होतं आणि किडन्या त्याखाली निमूटपणे दमत होत्या. "पण वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "गोळ्या, कमी मीठ, दर महिन्याला माझ्याकडे. हे आहे इथेच बरीच वर्षं थांबवता येईल. यंदा पालखी मात्र नाही." बाबांच्या वेळी त्यांनी 'वेळेत' हा शब्द वापरला नव्हता. काकांनाही ते आठवलं असावं, कारण ते वाद न घालता उठले. अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच.

परतीच्या वाटेवर ते माझ्याशी एकच वाक्य बोलले: "समोरून ट्रक येतोय, बघ."

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गुणाजीकाकांच्या इमारतीच्या आवारात प्रात्यक्षिक होतं. मंडळाचं लाकडी टेबल उलटं करून दोन लांब बांबूंना बांधलं होतं आणि त्यात पंचवीस किलोच्या तांदळाच्या चार गोण्या ठेवल्या होत्या. वरून नितेशने हळदकुंकू वाहिलं, कारण त्याच्या मते बांबूवर चढलं की टेबलही देवच. ढोलताशे त्याच्या फोनमधून वाजणार होते. सम्यक बघायला आला होता आणि गोण्या नीट बांधल्यात का ते व्यावसायिक नजरेने तपासत होता. माझा दाखला माझ्या पर्समध्ये होता. मी का आले ते मला नीट सांगता येणार नाही. ठरलेल्या जागी कोण उभं राहतं ते बघायला, असं म्हणू.

काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पहिली पाळी झाली. पुढच्या उजव्याला त्यांचा मुलगा होता आणि त्याला शेवटपर्यंत शिव्या पडल्या. दुसरी झाली. तिसऱ्या पाळीचे तिघे येऊन उभे राहिले. मागे डावीकडे कुणीच नाही.

"मागचा डावा कोन?" काका गरजले.

"रिकामा," नितेश म्हणाला.

"रिकामा कसा? घटनेत काय लिवलाय?"

नितेशने वही काढली आणि कलम अकरा पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमांकासकट वाचलं. गॅलरीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे बाजूला सारले.

"मग?" काका बांबूकडे बघत म्हणाले. "वारसाला आता निमंत्रणपत्रिका धाडू काय?"

मी पर्स बरोबर आलेल्या आईकडे दिली, पदर खोचला आणि बांबूखाली खांदा लावला. फोनमधला ढोल सुरू झाला. वजन उचलणं आणि वजन नाचवणं यांत किती अंतर आहे ते कोणत्याही शोधनिबंधात नाही. पुढचे दोघे डावीकडे गेले की गोण्या उजवीकडे जायच्या, आणि मी त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. गुडघा बोलू लागला. सम्यक लांबून "श्वास, मॅडम, श्वास!" असं ओरडत होता. तिसऱ्या फेरीला माझा पाय मागे राहिला.

"पाय वढू नको गो!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "उचल! उचल त्यो! तुजा बापूस पन असाच. तिसऱ्या फेरीला डावा पाय वढायचा मेला, दर शिमग्याला, आनि मी म्होरनं बोंबलायचो. चाळीस वर्सं बोंबलतोय, एकदा ऐकला नाय त्यानं!"

पालखी नाचते तेव्हा बायका लांब देवळाच्या कट्ट्यावर असतात. तिथून गुलाल दिसतो, पाय दिसत नाहीत. बाबांविषयी मला पुष्कळ माहिती आहे. रक्तगट, औषधांच्या वेळा, कुठल्या हाताच्या शिरेत सुई पटकन जाते ते. हे माहीत नव्हतं. दीड वर्षात कुणी मला त्यांच्याविषयी नवीन काही सांगितलं नव्हतं.

चौथ्या फेरीला माझा पाय व्यवस्थित पडत होता. मी तो मुद्दाम ओढला.